बोलता यावं, गाता येऊ नये

॥ कानबाई माता प्रसन्न ॥

सोमवार, १० मार्च

दुधाच्या वहीची मागची पानं कोरी होती, त्यातच लिहायला घेतलं. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, काय केलं, काय खाल्लं, दम कुठे लागला ते लिहीत जा. तेवढ्यासाठी नवी डायरी कशाला.

आज आम्ही दोघं मोटारसायकलवर शहाद्याला गेलो. स्वप्नालीने सुरतेहून आठ दिवस धोशा लावला होता. "मम्मी, गच्चीवर कपडे टाकून खाली येतेस आणि फोन घेतेस, मला नुसता लोहाराचा भाता ऐकू येतो." लेकीचं लग्न झालं तरी तिचा जीव इकडेच.

दवाखाना माडीवर. हे मधल्या पायरीवर बसले, चपलेत खडा गेला म्हणे. मी वर पोचून वाट बघत उभी. एक खडा काढायला माणसाला इतका वेळ लागतो का?

ममता मॅडम मोलगीकडच्या डोंगरातल्या. वय तिशीचं, पण बोलणं मोठ्या बहिणीसारखं. वजन भरलं साडेएक्याऐंशी किलो. कंबर एक्केचाळीस इंच. हृदयाचा फोटो चांगला आला, देवीची कृपा. मग मला व्हरांड्यात सहा मिनिटं चालायला लावलं. दोनदा बाकावर बसले. तीनशे दहा मीटर झालं.

मॅडम म्हणाल्या, "मावशी, हृदयात दोष नाही. पण त्याला कामाची सवय राहिली नाही, आणि वर ही पोटावरची चरबी वाहायची. गोळी देऊन हे होणार नाही. व्यायाम निवडा. पण आधी सांगा, कशासाठी करायचाय? नुसतं वजन उतरवायचं म्हणून कोणी चार दिवसांवर टिकत नाही."

मी खाली मान घातली, पण सांगितलं. आमच्या भाऊबंदकीत श्रावणात कानबाई बसते. नारळाला डोळे, नथ, साडी, पाटावर सजवलेली. दुसऱ्या दिवशी सकाळी थोरल्या सुनेने तो पाट डोक्यावर घेऊन गोमाई नदीपर्यंत न्यायचा. एकदा उचलली की वाटेत भुईवर टेकवायची नाही. दमली तर दुसरीच्या डोक्यावर द्यायची, पण थोरलीने ती वेळ येऊ देऊ नये. मी तीस वर्षं नेली. गेल्या साली पिंपळापाशीच डोळ्यांपुढे अंधारी आली आणि धाकट्या जावेच्या, गजराच्या, डोक्यावर द्यावी लागली. गजरा काही बोलली नाही. तिचं न बोलणंच मला वर्षभर टोचतंय.

"मग झालं," मॅडम म्हणाल्या, "या श्रावणात कानबाई तुमच्याच डोक्यावर नदीला जाईल, एवढं हृदय आपण कमवायचं."

निघताना त्यांनी यांनाही हाक मारली, "काका, या, तुमचंही बीपी बघू."

हे म्हणाले, "माले काय व्हयनं? मी तं ड्रायव्हर शे." आणि गाडी काढायला खाली गेलेसुद्धा.

शनिवार, १५ मार्च

व्यायाम निवडला. देवीच्या देवळाला रोज एकशे आठ प्रदक्षिणा. व्यायामही झाला, पुण्यही झालं. मुठीत ज्वारीचे दाणे घेते, एक फेरी झाली की एक दाणा उंबऱ्यापुढे. चिमण्यांचंही भागतं. तोंडाने स्तोत्र चालू. सोबत सोमवार, गुरुवार, चतुर्थी आणि एकादशी धरली. एवढ्या उपासांनी चरबी राहील कुठे?

सोमवार, ३१ मार्च

वजन ब्याऐंशी आणि वर तीनशे ग्रॅम. म्हणजे वाढलं! काटा बिघडलाय म्हणून मॅडमनी स्वतः उभं राहून दाखवलं. काटा बरोबर.

"उपासाला काय खाता?"

"काही नाही. थोडी साबुदाण्याची खिचडी. दाण्याचा कूट. बटाटा. संध्याकाळी शिंगाड्याचा शिरा."

मॅडम ओढणीत तोंड लपवून हसल्या. "मावशी, उपासाच्या दिवशी तुम्ही जेवणाच्या दिवसापेक्षा जास्त जेवता." मग म्हणाल्या, प्रदक्षिणा कशी घालता ते इथे टेबलाभोवती दाखवा. मी दाखवली. दर फेरीला थांबून हात जोडते, वाकते, कपाळ टेकवते, दाणा ठेवते.

"बघा, तुम्ही थांबलात की तुमचं हृदयही बसून घेतं. एकशे आठ वेळा बसतं. त्याला सलग अर्धा तास कामाला लावायचंय. चाल अशी हवी की शेजारच्याशी बोलता यावं, पण गाता येऊ नये. बोलताच येत नसेल तर फार झालं, थांबायचं. गाता येत असेल तर ती चाल काही कामाची नाही."

मी म्हटलं, "मी तर चालताना स्तोत्र म्हणते."

"अख्खं म्हणता येतं?"

"एका दमात चार ओळी."

"मग चाल हळू आहे."

घरी येईपर्यंत डोळ्यांत पाणी. तीस-पस्तीस वर्षं पाय आणि तोंड बरोबर चाललं माझं. देवाचं नाव घेता येणार नाही असा कसला व्यायाम? यांना सांगितलं. हे म्हणाले, "मनमा म्हन. देवले काय कमी ऐकू येस?"

एवढ्या साध्या माणसाला कधी कधी असं सुचतं.

शनिवार, ५ एप्रिल

पाच दिवस झाले. पहाटे साडेपाचला कॉलेजच्या मैदानावर जाते. स्वप्नालीचे जुने खेळाचे बूट माळ्यावर होते, अंगठ्यापाशी थोडे चावतात, कापूस घातला. साडीवर बूट. पहिल्या दिवशी पोरी हसल्या, तिसऱ्या दिवशी नमस्कार करायला लागल्या.

आज गजरा दूध घेऊन जाताना फाटकापाशी थांबली. मोठ्याने ओरडली, "काय वं ताई, कोनी मांगे लागनं का? कथा पयी ऱ्हायनी?"

म्हटलं, "तुन्हाच मांगे लागनी. वरीसभर पुढे जाई ऱ्हायनी ना तू!"

ती हसली. मग अर्धी फेरी माझ्याबरोबर चालली, दुधाच्या किटलीसकट. गजरा बोलते तेव्हा वाईट वाटत नाही.

एकूण तीन फेऱ्या. पहिलीत दोनदा थांबले, तिसरीत एकदा.

हे मोटारसायकल लावून फाटकाजवळच्या पुलाच्या कठड्यावर बसलेले दिसले. म्हटलं, इकडे कुठे? म्हणाले, पपईच्या शेतावर मोटार बघायला चाललोय. शेत तर उलट्या बाजूला. पण पुढे त्या कचोरीवाल्याची गाडी लागते. मी काय ओळखत नाही?

मंगळवार, २२ एप्रिल

मोटार जळाली. मगनकडे वायंडिंगला टाकली. तो म्हणतो, महिना लागेल, लग्नसराईत कारागीर गावी गेलेत. तोवर धाकट्या भावजींच्या विहिरीचं पाणी घ्यायचं ठरलं.

वजन एक्याऐंशीवर आलं. उपास दोनच ठेवले, तेही ताक आणि फळावर. आठवडाभर देवीपुढे माफी मागितली.

शुक्रवार, २५ एप्रिल

आज सहा फेऱ्या, एकदाच थांबले. हे आजही साडेपाचला मोटार बघायला गेले. कठड्यावर बसून छाती चोळत होते. जवळ गेले तर म्हणाले, आंबट ढेकर. कचोरी खाल्ल्यावर आणखी काय येणार? आजपासून यांच्या भाजीतलं तेलही निम्मं.

गुरुवार, १ मे

काल अक्षय तृतीया, आमची आखाजी. स्वप्नाली आली. घर भरलं. अंगणात निंबाला झोका बांधला.

सकाळी पोरीने मोबाईल भिंतीला टेकवला आणि म्हणाली, मम्मी, बाहेर कशाला जातेस, हे बघून घरीच उड्या मार. पडद्यावर एक बारीक बाई हसत हसत उडत होती. मी चार उड्या मारल्या, फडताळातले पितळी डबे वाजायला लागले आणि शेजारच्या कौसाबाई भूकंप झाला का म्हणून विचारायला आल्या. शिवाय गुडघ्यात कळ. मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, तुमच्या वजनाला आत्ता उड्या नकोत, पायी चालणंच तुमचं. निवडायचं ते आपल्या अंगाला बघून निवडायचं. म्हणजे निवड बरोबर होती माझी.

दुपारी सगळ्या झोक्यावर बसून दमल्या. मी नुसती बघत होते. तर हे आले आणि सगळ्यांपुढे म्हणाले, "बठ."

मी म्हटलं, "तुम्हाले लाज शे का काही? जावई उभे शेत."

"बठ म्हंतस ना."

बसले. लग्नाच्या पहिल्या आखाजीला बसवलं होतं, त्यानंतर कालच. यांनी तीन झोके दिले, चांगले उंच. चौथ्याला हात काढून घेतला. डावा हात दाबत बाजूला उभे राहिले. स्वप्नालीने चिडवलं, "पप्पा, एवढ्यात थकले?" तर म्हणाले, "तुन्ही मायना वजननं नही वं, ती तं आते हलकी व्हई गई. मन्हा हातच भरी उना."

हलकी व्हई गई म्हणाले. सगळ्यांपुढे. अजून कान गरम आहेत.

मंगळवार, २० मे

अठ्ठ्याहत्तर किलो सहाशे. कंबर साडेअडतीस. जुनं पोलकं निघालं, अंगात बसलं.

मॅडम म्हणाल्या, सपाटीची सवय झाली, आता आठवड्यातून दोनदा चढ घ्या. आमच्या लोणखेड्यात चढ आणायचा कुठून? मग नदीचा उतार आठवला. गोमाईच्या काठावरून खाली पात्रापर्यंत बैलगाडीची वाट आहे. खाली जायचं आरामात, वर यायचं जोरात. पाच वेळा. पहिल्या दिवशी तिसऱ्यालाच बोलणं बंद पडलं. थांबले. बोलता आलं की पुन्हा.

डोक्यावर ओझं घेण्याचीही सवय हवी. कानबाईचा पाट देव्हाऱ्यातला, त्याला असा हात लावायचा नाही. न्हाणीतला जुना पाट घेतला, त्यावर मिठाच्या चार पिशव्या बांधल्या. हे दाराशी उभे राहून बघत होते. म्हणाले, "मिठाबाई प्रसन्न!"

आज यांचे सदरे धुताना खिशात पित्ताच्या पुड्या निघाल्या. एका सदऱ्यात तीन, दुसऱ्यात पाच. इतक्या पुड्या लागेपर्यंत खातो तरी किती हा माणूस. रागावले. तर म्हणाले, बरं, उद्यापासून नाही खाणार. कबूलच केलं म्हणायचं.

बुधवार, ११ जून

आज यांना धरून नेलंच चालायला. म्हटलं, नुसते कठड्यावर बसता, त्यापेक्षा दोन फेऱ्या मारा.

यांची चाल म्हणजे निवडणुकीतल्या उमेदवाराची. दर पन्नास पावलांवर थांबायचं, कोणाचा तरी हात धरायचा, कापूस कसा, पपईला काय चाललंय, मुलगा काय करतो. मी म्हटलं, असं थांबलं की हृदय बसून घेतं. म्हणाले, "तू पुढे हो, मी येतोच."

मी पुढे झाले. दोन फेऱ्यांनी यांना मागून गाठलं. लग्नात सप्तपदीला सोडलं तर मी यांच्यापुढे कधी चालले नव्हते. बरं वाटलं, आणि वाईटही वाटलं, का ते कळेना. हे मात्र लोकांना सांगत होते, "देखा, मन्ही बायको! दोन येढा पुढे शे!"

सोमवार, १४ जुलै

सहा मिनिटांत चारशे सत्तर मीटर! एकदाही बसले नाही. वजन चौऱ्याहत्तर. मॅडमनी टाळी दिली. म्हणाल्या, "मावशी, या हृदयावर कानबाई नदीला जाऊन परतही येईल."

"परत यायची नसते मॅडम, विसर्जन असतं."

दोघी हसलो. मग त्या म्हणाल्या, "काका आलेत का? बोलवा, आज सोडत नाही." मी खिडकीतून हाक मारली. हे खाली गाडीवर बसूनच हात हलवत होते, वर येईनात. मॅडम थोडा वेळ खिडकीतून बघत राहिल्या. म्हणाल्या, "त्यांना या आठवड्यात घेऊन या. नक्की." मी हो म्हटलं. पण आता श्रावण तोंडावर आला, घर सारवायचं, रंग द्यायचा, नैवेद्याच्या रोटाचे गहू निवडायचे. कानबाई झाली की नेईन.

शनिवार, २ ऑगस्ट

रोटाचे गहू दळून आले. घरातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ घ्यायची रीत. यांच्या नावाची मूठ मी स्वतः भरली, जरा मोठीच. जावई सुरतेला, त्यांच्या नावाची नाही भरत, तरी मनातल्या मनात चार दाणे टाकले.

उद्या बसवायची, परवा सकाळी निघायची. भीती वाटते. माये, पिंपळ तेवढा ओलांडून दे. मग पुढचं माझं मी बघते.

हे म्हणाले, "मी पाणीना तांब्या लिसन तुन्हा बाजूलेच चालसू. घाबरू नको."

बुधवार, ६ ऑगस्ट

नंदुरबार. दवाखान्याच्या बाकावर बसून लिहितेय. वही गजराने घरून पाठवली. तिला कसं कळलं मला ती लागेल, देव जाणे.

क्रमाने लिहिते.

परवा सकाळी नऊला कानबाई उठली. भावजींनी पाट उचलून माझ्या डोक्यावर दिला. पुढे बँड, मध्ये बाया, मागे पुरुष. हे माझ्या उजव्या हाताला, तांब्या घेऊन. गल्लीत फुगड्या झाल्या. मी डोलत होते. देवळापाशी आलो, दम नाही. शाळेपाशी आलो, दम नाही. पिंपळ आला. गजरा सरकून माझ्याजवळ आली, हात वर केले, गेल्या सालासारखे. मी मान हलवता येत नाही म्हणून डोळ्यांनीच नको म्हटलं. आणि पिंपळ मागे गेला.

तेव्हा मी गायले. बायांच्या आवाजात माझा आवाज, चांगला मोकळा, कानबाईचं गाणं. डोक्यावर पाट, पायात नाच आणि तोंडात गाणं. एवढी चाल माझ्या हृदयाला आता हळू होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पुसायला हात मोकळे नव्हते.

नदीचा उतार दिसायला लागला. घसा सुकला. म्हटलं, "अहो, पाणी."

तांब्या आला नाही. मान वळवता येत नाही, म्हणून सगळ्या अंगानेच वळले. हे आठ-दहा पावलं मागे राहिलेले. सदरा छातीला चिकटलेला, ओला. ढगाळ हवा, हातात नुसता तांब्या, साधी चाल. चेहरा राखेसारखा. मी म्हटलं, "काय व्हयनं?"

म्हणाले, "तू." मग थांबले. "पुढे." मग थांबले. "हो."

तीन शब्द आणि तीन दम.

मला मॅडमचा आवाजच ऐकू आला. बोलताच येत नसेल तर थांबायचं.

त्या एका क्षणात सगळं दिसलं. पायरीवरचा खडा. कठडा. पुड्या. झोक्याचा चौथा हात. दर पन्नास पावलांवर लोकांचे हात धरणं. सगळं माझ्याच वहीत, माझ्याच अक्षरात, तारीखवार लिहिलेलं.

मी गजराला म्हटलं, "धर."

ती म्हणाली, "ताई, बावरी व्हयनी का? नदी दखाय ऱ्हायनी! शंभर पावले शेत!"

"धर म्हंतस ना!"

गजराने माझं तोंड बघितलं, मग यांचं, आणि पाट घेतला. कानबाई भुईला टेकली नाही.

यांना रस्त्याकडेच्या ओट्यावर टेकवलं. बँड एवढा की कोणाला फोन ऐकू येईना, आणि मागे सगळा रस्ता माणसांनी आणि ट्रॅक्टरांनी भरलेला. गाडी येणार कुठून? शेताच्या बांधावरून कॉलेजच्या फाटकापर्यंत वाट आहे, तिथे रिक्षा उभ्या असतात. पाऊण किलोमीटर तरी असेल. भावजी साठीचे, पोरं सगळी पुढे बँडपाशी नाचत. मी पदर खोचला.

मी पळाले. त्रेपन्न वर्षांची बाई, नवी पैठणी, नथ, अनवाणी, चिखलाच्या बांधावरून. मनात नाव चालू होतं. तोंडाने म्हणता येत नव्हतं, येऊही नये. कुठे थांबले नाही. थांबलं की हृदय बसून घेतं.

रिक्षा बांधाच्या कडेने आणली. शहाद्याला ममता मॅडम दारातच उभ्या होत्या, भावजींचा फोन अखेर लागला होता. गोळी चावायला दिली, सुई दिली, स्वतः गाडीत बसून नंदुरबारपर्यंत आल्या. दुपारीच इथल्या डॉक्टरांनी नळीतून जाळी बसवली. मोठी शीर बंद पडली होती. म्हणाले, अर्धा तास उशीर झाला असता तर सांगता येत नव्हतं.

मॅडम निघताना मी त्यांचे हात धरले. म्हटलं, चौदा जुलैला तुम्ही म्हणाला होतात. मी कानबाईनंतर म्हटलं. त्या म्हणाल्या, "मावशी, तुम्ही वेळेत पळालात." एवढंच.

पण मी त्यांना सांगितलं नाही ते इथे लिहिते. पाच महिने मी माझ्या हृदयाचे ठोके मोजले. यांचे ऐकू आले नाहीत.

शनिवार, ९ ऑगस्ट

आज यांना थोडा वरणभात दिला. मी विचारलं, "रोज पहाटे मैदानावर कशाला येत होतात? खरं सांगा."

"मोटार बघायला."

मोटार पूर्ण महिनाभर मगनकडे वायंडिंगला पडलेली होती, तेही माझ्याच वहीत आहे. कचोरीवाल्यालाही मी भावजींकडून विचारून घेतलं. तो म्हणाला, दादा कधी आलेच नाहीत. मग? बूट चावून मी अंधारात कुठे पडेन, दम लागून कुठे बसेन, म्हणून हा माणूस छाती चोळत कठड्यावर बसायचा.

मी मान वळवून पेला विसळला.

दुपारी गजरा आली. येताना रोटाचा प्रसाद, आणि तिने घातलेलं लिंबाचं लोणचं. माझ्याजवळ बसली. म्हटलं, "यंदाही तूच पोचवलीस."

म्हणाली, "शंभर पावले मी चालनी नही, ताई. पन्नास मी चालनी, मंग कौसाबाईनी, मंग सगळ्या बायास्नी. हातोहात दिसन पोचाडी. पान्यामा सोडताना तुन्हंच नाव लिधं." मग दंडाला चिमटा काढला, "आनि तू पयताना काय दिसनी! नथ वर, पैठणी वर! गाव आजून तेच सांगी ऱ्हायनं."

आज पहिल्यांदा आम्ही दोघी जावांनी एका पदराने डोळे पुसले. तिच्या पदराने, माझा खराब होता.

सोमवार, २२ सप्टेंबर

घटस्थापना. घट बसवले, धान्य पेरलं.

मॅडमनी यांना पंधरा मिनिटं चालायची परवानगी दिली, हळूहळू वाढवायची. काल शहाद्याला नेलं तेव्हा हे न बोलवता वर गेले. मधल्या पायरीवर थांबले. मीही थांबले. खड्याचं नाव कोणीच काढलं नाही.

माझं असं ठरलंय. पाच वाजता माझ्या सहा फेऱ्या, जोरात, मनात नाव. वजन बहात्तर आहे, अजून पाच उतरवायचेत. मग घरी येऊन यांना घेऊन पुन्हा मैदानावर, यांच्या चालीने. ती चाल इतकी हळू की माझ्या हृदयाला काही काम नाही. मॅडम म्हणाल्या, तुमच्यासाठी हा व्यायाम धरू नका. नाही धरत. पण या चालीत स्तोत्र अख्खं म्हणता येतं, चार-चार ओळी एका दमात. सहा महिन्यांनी आज तोंडाने म्हटलं. हे शेजारी ऐकत चालत होते.

अर्ध्या फेरीला म्हणाले, "तू पुढे हो, मी येतोच."

मी नाही झाले.

थोडं पुढे गेल्यावर रागावले. अळणी जेवणाचा राग महिनाभराचा साठलेला. चालता चालता, न थांबता, एका दमात म्हणाले, "दाळले ना मीठ, ना तेल, ना फोडणी, गजरानी देल लोणचं तू कोठे दपाडी ठेवं ते सांग, नही तं मी आज जेवतच नही!"

घरी येऊन मोजले. बावीस शब्द.

लोणचं मिळणार नाही.